खंडेनवमीला गायब झालेलं ग्राइंडर

१

"महाडात चोर नाहीत असं मी म्हणत नाही," कुलपात किल्ली फिरवता फिरवता गंगाधर म्हणाला. "पण माझ्या यंत्राला हात लावील असा चोर अजून पाळण्यातसुद्धा पडलेला नाही. आधी ते उचलायची ताकद पाहिजे, मग ते काय आहे हे कळायची अक्कल पाहिजे. दोन्ही एकाच माणसात असतं तर तो महाडात कशाला राहिला असता?"

दसऱ्याची सकाळ होती. गंगाधरच्या मागे येसाजी उभा होता. पोलादपूरच्या भातगिरणीचा मालक, अंगानं आडवा, बोलायला उभा. येसाजीमागे हातगाडी होती, हातगाडीवर गोणपाटात गुंडाळलेला गिरणीचा शाफ्ट. आणि सगळ्यांच्या बाजूला, हातात वर्तमानपत्र धरून, दत्तोपंत नाझर उभे होते. त्यांचं काहीच काम नव्हतं. कोर्टातून निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी गंगाधरच्या वर्कशॉपात चहा प्यायला येत आणि त्याला 'चौकशीला जाणं' म्हणत.

फळ्या बाजूला झाल्या. आत लेथ होतं, लोखंड फिरवून कातायचं यंत्र. लेथसमोर पाटावर आळीतल्या सगळ्या विळ्या, कोयते, अडकित्ते काल हळदीकुंकू लावून ओळीनं मांडले होते; ते पहाटेच आपापल्या घरी परत गेले होते. आणि लेथच्या पाठीवर, जिथे काल दुपारी ग्राइंडर झेंडूची माळ घालून नवरदेवासारखं बसलं होतं, तिथे काही नव्हतं.

गंगाधरनं डोळे चोळले. लेथच्या मागे पाहिलं. मग, का कोण जाणे, छताकडे पाहिलं.

"बरं," येसाजी म्हणाला, "मंग यंत्र कुठाय?"

२

हे ग्राइंडर म्हणजे काय प्रकरण होतं ते अख्ख्या महाडाला पाठ झालं होतं, कारण गंगाधर दुसरं बोलतच नव्हता. गिरणीचा शाफ्ट म्हणजे फिरणारा पोलादी दांडा, वर पाणी देऊन कडक केलेला. झिजला तर लेथच्या हत्यारानं तो कापला जात नाही, हत्यारच बोथट होतं. म्हणून गंगाधरनं मुंबईच्या जुन्या यंत्रांच्या बाजारातून हे जोडयंत्र हुडकून आणलं होतं. मोडीत काढलेल्या कुठल्याशा विलायती बोटीवरचं. एक काळी मोटर, एक पट्टा, आणि भाकरीएवढा गोल दगड. लेथवर बोल्टानं बसवायचं, बटण दाबायचं. शाफ्ट सावकाश फिरतो, दगड वाऱ्यासारखा फिरतो आणि पोलाद लोण्यासारखं घासलं जातं.

"फक्त एक पथ्य," गंगाधर जेवताना, आंघोळीला जाताना, देवळात प्रदक्षिणा घालताना सांगे. "दगडाची पूड लेथच्या अंगावर पडता कामा नये. पडली की लेथ संपलं. आधी ओलं फडकं अंथरायचं, मग दगड चालवायचा."

ऐकणाऱ्यांत त्याची बायको गोदावरी सगळ्यात जास्त वेळ सापडलेली होती.

काल खंडेनवमी. शस्त्रांची, अवजारांची पूजा. गंगाधरनं ग्राइंडरची पूजा मांडली आणि जाहीर केलं की हे अजून एकदाही चालवलेलं नाही, दसऱ्याच्या मुहूर्तावर येसाजींच्या शाफ्टावरच त्याचा नारळ फुटेल. मग तो दुपारच्या गाडीनं शाफ्ट आणायला पोलादपूरला गेला आणि येसाजीकडेच मुक्कामाला राहिला.

"माझी गिरणी बंद हाय," येसाजी आता हातगाडीवर बसत म्हणाला. "हळवं भात झोडून लोकं दारात आली. दिवाळीचे पोहे कुणी कांडायचे? तुमचा शब्द धरून आलो मी, गंगाधरपंत. संध्याकाळच्या गाडीला शाफ्ट तयार नसला, तर उद्या तो चिपळूणला. आन एकदा माझा शाफ्ट चिपळूणला गेला, का पोलादपूरचा एक खिळासुद्धा पुन्हा तुमच्याकडं यायचा नाय."

गंगाधरचा चेहरा पूजेतल्या सुपारीसारखा झाला. वर्कशॉप टिकायचं तर पोलादपूरच्या गिरण्यांवरच टिकायचं होतं. महाडात लेथकडे येत होत्या त्या सायकली आणि सल्ले.

"पोलिसांत जातो," तो म्हणाला.

"थांब," दत्तोपंत म्हणाले.

३

दत्तोपंतांनी नोकरीभर कोर्टाचा मुद्देमाल सांभाळला होता. चोरीची भांडी, मारामारीतल्या काठ्या, एकदा तर एक वादग्रस्त बोकड. चोरांशी त्यांचा संबंध कधी आला नाही. चोर तुरुंगात जात, माल त्यांच्याकडे येई. त्यामुळे त्यांचं एक ठाम मत झालं होतं.

"आरोपी खोटं बोलतो," ते म्हणाले. "माल बोलत नाही, पण खोटं तर बोलतच नाही. पोलीस येतील, पंचनामा करतील, सहीला पंच शोधतील, तोवर येसाजीराव चिपळूणला पोचलेले असतील. मला संध्याकाळपर्यंत वेळ दे. शोधल्याशिवाय मी जेवणार नाही."

आज दसऱ्याचं जेवण आहे हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. पण शब्द गेला होता.

ते लेथपाशी गेले. झेंडूची माळ लेथच्या हँडलला नीट अडकवलेली होती. चोर माळ तोडतो, फेकतो. हा माळ काढून ठेवणारा निघाला. ज्या जागी ग्राइंडर होतं तिथे अक्षता पडल्या होत्या. पाटावर एका द्रोणात दह्यात भिजलेल्या पोह्यांची दोन शितं वाळून चिकटली होती.

"गंगाधर, पूजेला नैवेद्य काय होता?"

"पेढे."

"मग हे दहीपोहे कुठले?"

गंगाधरला माहीत नव्हतं. दत्तोपंतांनी मात्र द्रोण उचलून उजेडात धरला. दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवून अक्षता टाकतात ती उत्तरपूजा. देव हलवायच्या आधी करतात ती. म्हणजे चोरानं आधी यंत्राची यथासांग उत्तरपूजा केली, त्याला निरोप दिला आणि मग ते हलवलं!

"असला चोर मी नोकरीत पाहिला नाही," ते पुटपुटले. चोरच पाहिला नव्हता हा भाग वेगळा.

मग त्यांनी बोट लेथच्या अंगावर फिरवलं. स्वच्छ. भिंतीवर फिरवलं. बोट करडं झालं. खाली जमिनीवरही तीच करडी, चकाकणारी पूड.

"हे यंत्र अजून चाललं नाही म्हणालास ना?"

"बटणसुद्धा दाबलेलं नाही."

"मग ही दगडाची पूड भिंतीवर कुठून आली? आणि भिंतीवर आहे, तर लेथवर का नाही?"

गंगाधरचा जबडा खाली आला. "कुणीतरी ओलं फडकं अंथरून चालवलं!" तो ओरडला, आणि त्याच दमात म्हणाला, "हैबती!"

४

हैबतीची भट्टी आळीच्या पलीकडच्या टोकाला होती. जन्मभर लोखंड बडवणारा माणूस. गंगाधरच्या यंत्राला तो 'विजेचा पाटा-वरवंटा' म्हणायचा. ही माणसं पोचली तेव्हा तो ओट्यावर बसला होता आणि त्याचा उजवा अंगठा चिंध्यांनी बांधून नारळाएवढा झाला होता.

"सापडला!" गंगाधर म्हणाला. "बोल्ट काढताना सटकलं ना रे?"

"कसला बोल्ट?"

"अंगठ्याला काय झालंय?"

हैबतीनं अंगठा पाठीमागे घेतला. "काय नाय."

"काय नाय कसं? एवढी चिंधी काय हौसेनं बांधलीस?"

"माझा अंगठा हाय. बांधीन नायतर सोडीन."

येसाजीनं मान हलवली. "माणूस लपवतोय बघा."

दत्तोपंत हैबतीच्या बाजूला ओट्यावर टेकले. "हैबती, तुझ्याकडे लेथ आहे?"

"नाय."

"वीज?"

"भाता हाय."

"म्हणजे तू ते यंत्र नेऊन करणार काय? तेव्हा तू चोर नाहीस हे मला पटलेलं आहे. पण अंगठ्याचं सांगितलं नाहीस तर गंगाधर ते गावभर वेगळंच सांगेल."

हैबतीनं बांधलेला अंगठा पुढे मांडीवर घेतला. आतून त्याची बायको रखमा डोकावली आणि तोंडाला पदर लावून परत गेली. तिला हसू आवरत नव्हतं.

"सांगतो," हैबती दबक्या आवाजात म्हणाला. "पण बाहेर बोलायचं नाय. सकाळी नारळ सोलत होतो. घरच्या कोयत्यानं. त्या कोयत्यानं आजवर पिकला पेरू कापला नाय, नाझरसाहेब. मी लोकांचे कोयते शेवटतो, धार लावून देतो, घरचा राहून जातो. म्हटलं, जोर लावावा. लावला. तर नारळ गेला, करवंटी गेली आन अंगठ्याचं टोक गेलं. लोहाराचा अंगठा, लोहाराच्या कोयत्यानं! लोकं काय म्हणतील?"

"कोयता काल कुठे होता?"

"रखमानं नेऊन ठेवलावता यांच्या पूजेत. भल्या पहाटे मागच्या दारानं जाऊन घेऊन आली."

दत्तोपंत उठले. रस्त्यावर येताच त्यांनी आळीभर नजर टाकली आणि जागीच थांबले. नळावर बनुबाई पाणी भरत होती. तिच्या दोन बोटांना चिंधी. शेजारच्या ओटीवर साळूबाई आंब्याचं तोरण बांधत होती. एका हाताला फडकं. पलीकडे बयाबाई हळद दाबून धरून विळीला शिव्या घालत होती.

सगळी आळी कापली गेली होती.

५

"गोदावरी," दत्तोपंत म्हणाले, "तुझ्या बोटाला काही नाही."

"मला कशाला काय होईल, काका?" गोदावरी पुरण वाटत होती. तिनं मान वर केली नाही. परसात दोरीवर तिचं जुनं हिरवं लुगडं वाळत होतं. धुतलेलं होतं, पण मधोमध करडा पट्टा तसाच राहिला होता.

"आळीतल्या बायका आज विळीवर बोटं कापून घेतायत. वर्षानुवर्षं बोथट विळ्यांवर जोर लावायची सवय. एका रात्रीत धार आली हे त्यांना कळलं नाही. तुला कळलं होतं. म्हणून तुझी बोटं शाबूत."

पाटा-वरवंटा थांबला.

गंगाधर दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता. "हिला? हिला काय कळलं होतं?"

"समोरच्या दाराची किल्ली तुझ्या कमरेला होती. कुलूप शाबूत. मागच्या दाराची कडी आतून, घरातून. यंत्र चालवायला वीज लागते, ती तुझ्याच वर्कशॉपात. लेथवर ओलं फडकं घालायचं हे तू जगाला सांगितलंस, पण ऐकावं लागलं फक्त हिला. आणि पुजलेली वस्तू उत्तरपूजा न करता चालवणं किंवा हलवणं हिच्या हातून मेली तरी व्हायचं नाही."

गोदावरीनं हात धुतले, पदराला पुसले आणि कमरेवर ठेवले.

"पावसाळाभर मागत होते मी," ती गंगाधरला म्हणाली. "एक विळी लावून द्या, म्हटलं. तर तुम्ही काय म्हणालात? ऐरावताला काय पाट्या वाहायला लावू? मग लावल्या मी. घरच्या यंत्रावर घरची विळी. आणि एक लावल्यावर आळीतल्या बाकीच्यांनी काय पाप केलं होतं? तुमचं लेथ झाकून केलं सगळं. चोरी नाही केली."

"विळ्या!" गंगाधर मटकन खाली बसला. "माझ्या ग्राइंडरवर... विळ्या!"

"आन यंत्र कुठाय?" येसाजीनं पुन्हा तोच प्रश्न विचारला.

गोदावरीनं पुन्हा वरवंटा हातात घेतला. "ते मी सांगणार नाही. मी दुसऱ्या माणसाला शब्द दिलाय."

आणि त्यानंतर तिनं खरोखर एक अक्षर उच्चारलं नाही. गंगाधरनं विनवलं, येसाजीनं विनवलं. ती पुरण वाटत राहिली.

६

दत्तोपंत घरी आले ते हरल्यासारखे. यंत्र जड, एकट्या बाईला उचलवणारं नव्हे. म्हणजे जोडीदार आहे. कोण?

"अहो, पानं वाढलीत," त्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणाल्या.

"शोधल्याशिवाय जेवणार नाही असं बोललोय."

"मग निदान बसा तरी. श्रीखंडाला नजर लागते उभ्यानं."

ते बसले. निग्रह केला होता, पण श्रीखंडात केशर होतं. पुरीचा एक तुकडा त्यांनी केवळ हातात धरला. समोर पान सणाचं होतं. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. काहीतरी चुकत होतं.

"वरणभात कुठे?"

"पुऱ्या आहेत की."

"दसऱ्याला भात नाही? कोकणात?"

"सारखा भात काय खायचा!" आनंदीबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाशी नेला. त्यांच्या बोटाला चिंधी होती. आणि नाकात, जिथे लग्नापासून हिऱ्याची चमकी लखलखत होती, तिथे नुसतंच भोक.

"चमकी?"

"नाक दुखतंय."

दत्तोपंतांच्या डोक्यात एकेक फळी सरकत गेली. काल दुपारी चहाच्या वेळी याच बायकोनं त्यांना वाटीभर दहीपोहे दिले होते. 'आज मध्येच दहीपोहे कसे?' असं विचारत त्यांनी ते चाटूनपुसून खाल्ले होते. तपासातला पहिला पुरावा गुन्हा उघडकीला यायच्या आधीच त्यांच्या पोटात गेला होता.

ते उठले. हातात पुरी तशीच. सरळ कोठीच्या खोलीत गेले आणि तांदळाच्या पिंपाचं झाकण उचललं. तांदळात कोपरापर्यंत हात घातला. थंड लोखंड लागलं.

जन्मभर त्यांनी सरकारचा मुद्देमाल सांभाळला, एक पळी इकडची तिकडे होऊ दिली नाही. आणि निवृत्तीनंतर मुद्देमाल त्यांच्याच पिंपात! क्षणभर झाकण परत लावावं असं त्यांना वाटलं. कुणाला कळलं नसतं. गंगाधरचं वर्कशॉप बसलं असतं, नाझरांचं नाव राहिलं असतं. त्यांनी हातातली पुरी खाऊन टाकली आणि खिडकीतून गंगाधरला हाक मारली.

७

"खाचा पडल्या हो दगडाला," आनंदीबाई रडकुंडीला येऊन सांगत होत्या. ग्राइंडर लेथवर परत बसलं होतं आणि गंगाधर त्याच्यातले तांदूळ फुंकून काढत होता. "विळ्यांची पाती पातळ. दगडाला नुसत्या रेघाच रेघा. गोदावरी म्हणाली, काकू, हे म्हणतात दगड सरळ करायला हिरा लागतो. हिरा होता तो माझ्या नाकात. म्हटलं, शेजारधर्म आहे. पक्कडीत धरून लावली चमकी दगडाला. खर्र झालं आणि हिरा दिसेनासा झाला! दगडात रुतला असणार. मग दगड सोडून मी घरी कशी जाऊ? तो काढून मिळेपर्यंत यंत्र मी कुणालाच दिलं नसतं. रात्री हे दोन्ही पुरुष नाहीत, म्हणजे एक गावाला आणि एक घोरतोय, तेवढ्यात..."

"बास," दत्तोपंत म्हणाले.

गंगाधरनं ग्राइंडरच्या खोक्यातून एक काळी सळई काढली. तिच्या टोकाला मोहरीएवढा हिरा बसवलेला होता. "दगड सरळ करायचा हिरा हा! यंत्राबरोबरच येतो!"

"ती सळई?" गोदावरी म्हणाली. "मला वाटलं, भोकं पाडायची असेल. फडक्याचं सांगितलंत, हे कधी सांगितलंत?"

गंगाधर सळई खाली ठेवून दगडाकडे वळला. त्यानं दगड भिंगाखाली धरला. आनंदीबाई, दत्तोपंत, येसाजी, सगळे वाकले. दगडात कुठेही हिरा नव्हता. कडेला चिमूटभर पांढरी पूड होती.

"वैनी," येसाजी हळूच म्हणाला, "हिरा असता तर दगड झिजला असता. ही काच व्हती."

आनंदीबाई सावकाश नवऱ्याकडे वळल्या.

"पेशवाईतला हिरा, म्हणाला होतात."

"सराफ म्हणाला होता," दत्तोपंत म्हणाले. खोटं बोलत नव्हते. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं. चोरीचा माल ओळखण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला लग्नाच्या खरेदीत काच विकली गेली होती. "मी त्या सराफाला सोडणार नाही."

"तो वारला. आपण तेराव्याला गेलो होतो. तुम्ही लाडू मागून घेतलेत."

"गंगाधर," दत्तोपंत घाईनं म्हणाले, "गाडीची वेळ होत आली. यंत्र चालू कर."

गंगाधरनं सळईतल्या हिऱ्यानं दगड सरळ केला. शाफ्ट लेथवर चढवला. हाक मारायच्या आधीच गोदावरीनं तेच करडं पडलेलं हिरवं लुगडं भिजवून आणलं आणि लेथवर अंथरलं. नारळ फुटला, बटण दाबलं. दगड गुणगुणायला लागला, मग ओरडायला लागला, आणि शाफ्टावरून ठिणग्यांचा पिसारा उठला. गंगाधर हँडल केसाकेसानं फिरवत होता. दारात आख्खी आळी जमली. हैबतीही आला आणि बांधलेला अंगठा वर धरून उभा राहिला. गंगाधर थांबे, मापे, पुन्हा लावी. त्याला सायकली दिसत नव्हत्या, सल्ले ऐकू येत नव्हते. दिसत होता फक्त शाफ्ट.

शेवटी त्यानं बटण बंद केलं. येसाजीनं बेअरिंग हातात घेतलं आणि शाफ्टावर सरकवलं. ते ना अडलं ना डुगडुगलं. शाफ्टाच्या अंगात येसाजीला आपली मिशी दिसली.

"पोलादपूरच्या सगळ्या गिरण्यांचं काम तुमचं," तो म्हणाला. "दसऱ्याचा शब्द हाय. पण वैनींची विळी आधी."

"ती लावून झालीये," गोदावरी म्हणाली.

मग घाई झाली. आंबेनळी घाट चढून जाणारी संध्याकाळची गाडी स्टँडवर उभी होती. पोलादपूर तिच्याच वाटेवर. हैबती आणि गंगाधरनं शाफ्ट टपावर चढवला, दोरखंडानं आवळून बांधला. तेवढ्यात सोनं लुटायची वेळ झाली. जो तो आपट्याची पानं घेऊन येसाजीच्या गळ्यात पडायला लागला, चिंध्या बांधलेल्या हातांनी, आणि तोही एकेकाला कडकडून भेटत राहिला.

गाडी वेळेवर सुटली. येसाजी खालीच राहिला. शाफ्ट पोलादपूरवरून पुढे गेला आणि महाबळेश्वरला मुक्कामी राहिला.